लहान स्थानिक रॉक-ब्लूज बँडमध्ये आयुष्यभर ड्रम वाजवण्याला करिअर म्हणायचं का? आणि पस्तिशीनंतर त्यात शिरता येतं का?

जो ड्रमर कधी मोठ्या बँडमध्ये गेला नाही, ज्याच्या नावावर गाजलेली एकही रेकॉर्ड नाही, त्याच्या एवढ्या वर्षांच्या वाजवण्याला करिअर म्हणावं का, असा तुमचा प्रश्न आहे. त्याला जोडून विचारलंय की पस्तिशी उलटल्यावर शिकून अशा बँडमध्ये जागा मिळते का. माझं उत्तर दोन्हींना हो असं आहे. मी कॉलेजात असताना ड्रमवर बसलो आणि केस पांढरे झाले तरी उठलेलो नाही, तेही कायम स्थानिक रॉक आणि ब्लूज बँडमध्येच.

पैशाचं आधी सांगून टाकतो. घर नोकरीवर चाललं. माझ्या ओळखीच्या बहुतेक वादकांचं तसंच चाललं. पण करिअर या शब्दात मला एवढंच दिसतं की एखादं काम माणूस वर्षानुवर्षं करतो, त्यात पिकत जातो आणि लोक त्या कामासाठी त्याला पुन्हा बोलावतात. या तिन्ही गोष्टी स्थानिक ड्रमरच्या वाट्याला येतात.

बोलावणं येण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. गिटार कोपऱ्यात उभी राहते, ड्रमसेटला अख्खी खोली लागते आणि शेजाऱ्यांचा अंत पाहावा लागतो. त्यामुळे गिटारवाले भरपूर आणि ड्रमर मोजके, हे चित्र मी कायम पाहत आलोय. जो ड्रमर वेळेवर येतो, गाणी घरून ऐकून येतो आणि लय धावू देत नाही, तो एकाच वेळी तीन बँडमध्ये असतो. बँड मात्र टिकत नाहीत. गायक दुसऱ्या शहरात जातो, दोन गिटारवाल्यांचं फाटतं, कुणाला मूल होतं आणि रात्रीचे कार्यक्रम बंद होतात. चार-पाच वर्षं चाललेला बँड मी दीर्घायुषी मानतो. बँड मोडला की माणसं विखुरतात आणि वेगळ्या जोड्या जमवून परत उभी राहतात. एका बेस वादकाबरोबर मी इतक्या निरनिराळ्या बँडमधून वाजवलंय की आता आम्हाला गाण्याच्या शेवटाबद्दल बोलावंच लागत नाही. त्याचं बोट आणि माझा उजवा पाय एकत्र पडतात. ही जोडी माझी खरी मिळकत आहे.

आता पिकण्याबद्दल, कारण या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं तेच आहे.

ब्लूज ऐकायला सोपा वाटतो. बारा बार, म्हणजे तालाचे विभाग, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन, तीन मूळ कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), शेवटच्या दोन बारांत परत सुरुवातीकडे नेणारं वळण. हा आराखडा एका संध्याकाळी पाठ होतो. त्यावरचा शफल हा डोलता ठेका मात्र वर्षानुवर्षं शिकावा लागतो. तबल्याची ओळख असेल तर तिस्र जातीतून विचार करा. एका मात्रेचे तीन भाग, त्यातला पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला रिकामा सोडायचा. कागदावर एवढंच. पण तो तिसरा भाग नेमका कुठे पडतो, यावर ड्रमरची ओळख ठरते. गती वाढली की तो सरळ आठव्यांच्या, म्हणजे मात्रेच्या दोन समान भागांच्या, जवळ सरकतो, गती उतरली की पसरतो. गणिती अचूकतेने तिसऱ्या ठिकाणी ठेवला की वाजतं, पण डोलत नाही. पुस्तकात त्याची जागा लिहिता येत नाही, ती बेस वादक आणि गायकाबरोबर बसून कानाला सापडते.

शफलचे प्रकार तरी किती. सगळ्यात साधा म्हणजे उजव्या हाताने राइड या मोठ्या झांजेवर शफल, डाव्याने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे समोरचा कडक आवाजाचा ड्रम. त्याखाली पायाने वाजवायचा बास ड्रम चारही मात्रांवर, पण इतका हलका की ऐकणाऱ्याला तो जाणवावा, वेगळा ऐकू येऊ नये. मग डबल शफल, ज्यात दोन्ही हात तोच ठेका धरतात आणि डावा हात फक्त दोन-चारवर वजन टाकतो. सॅम ले या ड्रमरने हा प्रकार गाजवला. लहानपणी चर्चमध्ये ऐकलेल्या दुप्पट टाळ्यांतून तो आपल्या वाजवण्यात आला, असं ते सांगत. हाऊलिन वुल्फ आणि पॉल बटरफिल्ड या ब्लूज गायकांबरोबरचं त्यांचं वाजवणं ऐकलंत तर डाव्या हाताचा तो अखंड पुटपुटता आवाज लगेच ओळखू येईल. मला स्वतःला तो हात बसायला फार काळ लागला. जोर सगळा दोन-चारवर आणि मधले ठोके कातडीपासून बोटभर उंचीवरून, हे मनगटाला सहज पटत नाही.

फ्रेड बिलो हे दुसरं नाव, आणि नवशिक्याला मी आधी तेच ऐकायला सांगतो. शिकागोचे, जॅझमध्ये तयार झालेले. १९५० च्या दशकात लिटल वॉल्टर, मडी वॉटर्स यांच्या रेकॉर्डवर त्यांनी जे वाजवलं त्यातून शिकागो ब्लूजच्या ड्रमिंगची भाषा घडली. चक बेरीच्या काही रेकॉर्डवरही तेच आहेत. तिथे गिटार सरळ आठव्यांत चालते आणि ड्रम अजून अर्धा शफलमध्ये डोलत असतो. दोघं एकमेकांना थोडं ओढतात आणि त्या ओढाताणीतच सगळी गंमत आहे. जॅझवाला माणूस ब्लूजमध्ये आला की हात भरून न वाजवता मोकळी जागा सांभाळतो, हे त्यांच्याकडून कळतं.

रॉककडे वळायचं तर अर्ल पामर या ड्रमरशिवाय पुढे जाता येत नाही. न्यू ऑर्लिन्सचे पामर १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनोच्या पहिल्या रेकॉर्डिंगवर होते आणि पुढे लिटल रिचर्डच्या रेकॉर्डवर. लिटल रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ आठवे ठोकत होता. त्याच्याखाली शफल चालवणं विजोड वाटू लागलं, तेव्हा पामर यांनी पियानोची साथ धरली आणि सरळ वाजवू लागले. रॉकचा ठेका असा गायकाच्या हातामागे जाऊन तयार झाला. माझ्या दृष्टीने ड्रमरच्या कामाचं याहून चांगलं उदाहरण नाही. समोरचा काय करतोय ते ऐकायचं आणि त्याला लागेल ते खाली घालायचं.

यावरून माझं एक ठाम मत झालंय. रॉक वाजवायचा असला तरी सुरुवात ब्लूजपासून करावी. रॉकमध्ये मोठा आवाज पुष्कळ झाकून नेतो. मिनिटाला साठ मात्रांच्या संथ ब्लूजमध्ये एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं, प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन भाग असतात आणि दोन ठोक्यांमधल्या शांततेत लपायला काहीच नसतं. तिथे लय स्थिर राहिली की वेगवान रॉक फारसं छळत नाही. हात-पाय थकतात, तेवढंच.

दुसरी गोष्ट बार मोजण्याची. रेकॉर्डवर बारा असतात, रंगमंचावर गायक अकराव्यातच पुढची ओळ उचलतो किंवा तेराव्यापर्यंत थांबतो. जॉन ली हुकर एकटे गात तेव्हा बारांची संख्या मनाला येईल तशी ठेवत आणि गाणं जराही अडखळत नसे. त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्यांना त्यांच्या पायाकडे आणि तोंडाकडे पाहत राहावं लागे. स्थानिक बँडमध्ये असे गायक नेहमी भेटतात आणि ते चुकतायत असं मानणारा ड्रमर तिथे रमत नाही. मी गायकाच्या खांद्यांकडे पाहतो. श्वास भरला की खांदे किंचित वर जातात, म्हणजे ओळ येतेय. त्या क्षणी ठोका हलका करायचा, ओळ मधोमध पडली तरी तिला सम मानायचं आणि बेसवाल्याकडे नजर टाकायची. ऐकणाऱ्यांना काही कळत नाही. गायकाला मात्र कळतं, आणि पुढच्या कार्यक्रमाचा फोन तो तुम्हालाच करतो.

गतीचंही तसंच. साउंडचेकच्या वेळी ठरलेली गती रात्री गर्दीसमोर वर सरकते, कारण सगळ्यांच्याच छातीत धडधड असते. चार मोजून गाणं सुरू करण्याआधी मी गाण्याची पहिली ओळ मनात गातो. शब्द नीट उच्चारता येत असतील तर गती बरोबर. घरी मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक गतीने टिकटिकणाऱ्या यंत्रावर, रियाज करावाच, पण तो दोन आणि चारवर वाजतोय असं समजून करावा, म्हणजे एक आणि तीन तुम्हालाच उभे करावे लागतात.

फिलबद्दल, म्हणजे ठेक्याच्या मध्ये भरायच्या छोट्या तुकड्याबद्दल, थोडक्यात. तरुण मुलं मला फिल विचारतात. कडव्यातून धृवपदात जाताना एक छोटा, गायकाच्या ओळीवर न चढणारा फिल पुरतो. मेंफिसच्या स्टॅक्स स्टुडिओतले अल जॅक्सन ज्युनियर ऐका. ते इतकं कमी आणि इतकं नेमकं वाजवत की त्यांना माणसातलं घड्याळ म्हणत. रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्स यांनाही पाहा. दोन आणि चारवर स्नेअर मारताना त्यांचा उजवा हात हायहॅटवरून (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) उचलला जायचा, त्यामुळे स्नेअर एकटा आणि स्वच्छ ऐकू यायचा. १९६३ पासून २०२१ मध्ये जाईपर्यंत ते त्याच बँडचे ड्रमर राहिले आणि एवढ्या प्रचंड रंगमंचांवरही सेट लहानच ठेवला.

लहान सेटचं महत्त्व आमच्या पातळीवर आणखी जास्त. बहुतेक जागा छोट्या असतात, श्रोते हाताच्या अंतरावर. एक बास ड्रम, स्नेअर, दोन टॉम, हायहॅट, राइड आणि जोराच्या ठोक्यासाठी क्रॅश ही एक झांज, एवढ्यात रॉक आणि ब्लूज दोन्ही निघतात. बावीसऐवजी वीस इंची बास ड्रम घेतला तर गाडीत मावतो आणि छोट्या खोलीत आवाज गढूळ होत नाही. शिवाय सेट तुम्हीच उचलणार, तुम्हीच लावणार, सगळ्यांच्या आधी येणार आणि सगळ्यांच्या नंतर निघणार. हार्डवेअरची बॅग सगळ्यात जड असते, तिला चाकं हवीतच. हळू वाजवता येणं ही या कामातली सर्वांत दुर्मीळ कला आहे. ब्रश आणि बारीक काड्यांच्या जुड्या जवळ ठेवा, पण साध्या स्टिकनेही ठेका न मोडता आवाज अर्धा करता यायला हवा. यासाठी मी वेगळा रियाज करतो: तोच शफल, तीच गती, आवाज दर आवर्तनाला खाली.

आणि कान. इथे मला अगदी आग्रहाने सांगायचंय. आवाजाच्या सुरक्षिततेचा एक प्रचलित निकष ८५ डेसिबलला आठ तास असा आहे आणि प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. छोट्या खोलीतला रॉक बँड शंभरावर सहज जातो आणि कार्यक्रम दोन-तीन तासांचा असतो. माझ्या डाव्या कानात, हायहॅटच्या बाजूला, एक बारीक शिटी कायमची बसली आहे. ती जात नाही. संगीतकारांसाठीचे इअरप्लग सगळ्या पट्ट्यांतला आवाज साधारण सारखाच कमी करतात, त्यामुळे झांजांची चमक आणि गायकाचे शब्द कळत राहतात. कापसाच्या बोळ्याने काही साधत नाही. पहिल्या दिवसापासून इअरप्लग घाला, घरच्या रियाजालाही.

आता तुमचं वय. पस्तिशीनंतर बोटं विशीच्या वेगाने तयार होत नाहीत, हे खरं. पण स्थानिक ब्लूज बँडला वेग फारसा लागतच नाही. त्याला ऐकणारा, शांत, शब्द पाळणारा माणूस लागतो आणि ते गुण वयाबरोबर वाढतात. पहिलं वर्ष-दीड वर्ष तीन ठेक्यांना द्या: मध्यम गतीचा शफल, बारा-आठचा (चार मात्रा, प्रत्येकीचे तीन भाग) संथ ब्लूज आणि सरळ आठव्यांचा रॉक ठेका. प्रत्येक ठेका दहा मिनिटं, फिल न घेता, न थांबता. हे जमलं की ज्या जॅममध्ये कुणालाही एक-दोन गाण्यांना बसू देतात तिथे जा. आधी दोन-तीनदा नुसतं ऐका, घरचा ड्रमर कसा वाजवतो ते पाहा. मग आपल्या स्टिक आणि इअरप्लग घेऊन जा, दुसऱ्याच्या सेटवर बसताना त्याची मांडणी विचारल्याशिवाय हलवू नका, आणि गाणं सुरू होण्याआधी बेस वादकाला एवढंच विचारा: शफल की सरळ, आणि शेवट कोण देणार?