इंदुरात घरी युक्रेनी पद्धतीची, मेणानं नक्षी रेखून रंगवलेली अंडी (पिसांका) करता येतील का? साधी मेणबत्ती चालेल? आणि रशियाच्या झारचा जवाहिऱ्या फाबेर्जे याची अंडी खरी असतात का?

करता येतील, पण मेणबत्ती चालणार नाही. मधमाशीचंच मेण हवं. उज्जैन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथे कोणी ना कोणी म्हणतंच, "भेरूगढचे बाटिकवाले पॅराफिन (मेणबत्तीचं मेण) वापरतात, मग अंड्यावर का नको?" अहो, पॅराफिन ठिसूळ. कापडावर त्याला मुद्दाम तडे पाडतात, तड्यांतून रंग शिरतो, तीच बाटिकची शोभा. तडे कमी हवे असले की तेही मधाचं मेण मिसळतातच. एक अंडं डोळ्यांसमोरून हलत नाही: पिवळ्यावर आठ पाकळ्यांचं सुरेख फूल, मेण पॅराफिनचं. काळ्या रंगातून काढून मेण पुसलं, तर पाकळ्यांभर केसाएवढ्या काळ्या रेघा, आणि दोन पाकळ्यांचं मेण वाटीतच सुटलेलं. हे वाद घालूनही पटत नसेल तर एक अंडं वाया घालवून बघा.

अंडं पांढरं, कच्चं, दिव्यासमोर धरून बिनतड्याचं निवडलेलं. फ्रीजमधून काढलेलं लगेच घेऊ नका, त्याला घाम फुटतो आणि मेण धरत नाही. तेलकट बोट लागलं की तिथे रंग बसत नाही. मेणानं रेघा काढायला पितळेचा पातळ पत्रा सुईभोवती गुंडाळून नळी करा, काडीला तारेनं बांधा. कपभर गरम पाण्यात लोकर-रेशमाचा अ‍ॅसिड रंग विरघळवा आणि पूर्ण गार झाल्यावर चमचाभर व्हिनेगर घाला. गरम रंगात मेण वितळतं.

जे पांढरं राहायचं त्यावर आधी मेण. मग पिवळा, पुन्हा मेण, नारिंगी, लाल, शेवटी काळा. दर वेळी टिपून घ्या, घासू नका. मेण काढताना अंडं ज्योतीच्या बाजूला धरा. वर धरलं तर काजळी बसते.

नंतर तेलाधारित व्हार्निश, कारण पाण्याच्या व्हार्निशनं रंग ओघळतो. मग भोक पाडून, सिरिंजनं हवा भरून आतलं काढा. युक्रेनात भरलेलं ठेवून वाळू देतात. आपल्या मे महिन्यात ते आतून सडून फुटू शकतं. आणि हो, निघालेला बलक खाऊ नका, हे रंग खाण्याचे नाहीत.

फाबेर्जे? १८८५ चं पहिलं राजघराण्याचं अंडं सोन्याचं, वरचं पांढरं 'कवच' म्हणजे मीनाकाम. खरं कवच नाहीच.

मेण महाग म्हणाल, तर एका अंड्याला फार तर बोराएवढं लागतं.