भाषण नको, बिल दाखव

अनेक आशीर्वाद.

तुझा पटकथेचा खर्डा वाचला. भेगाळलेली जमीन, आटलेली विहीर, बापाच्या फोटोला हार, आणि मग तुझा नायक चावडीवर उभा राहून दोन पानं सरकारचा उद्धार करतो. चीड खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण वाचून मला इतकंच कळलं की शेतकऱ्याचं वाईट चाललंय, आणि ते मला आधीच ठाऊक होतं.

म्हणून आधी राजू मुरुगन यांचा ‘जोकर’ बघ. २०१६चा तमिळ सिनेमा आहे, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. दिग्दर्शक मुळात ‘आनंद विकटन’ या तमिळ साप्ताहिकातला पत्रकार, आणि ते जाणवतं. गोष्ट घडते धर्मपुरी जिल्ह्यात. तमिळनाडूतला हा कोरडवाहू, मागास भाग. जिल्ह्यातल्या होगेनक्कलला कावेरी धबधब्याने कोसळते, आणि त्याच जिल्ह्यात लोकांनी वर्षानुवर्षं फ्लोराइडचं पाणी पिऊन दात आणि हाडं खराब करून घेतली. यावर कुणी नुसतं पाणीटंचाईचं रडगाणं रचलं असतं. मुरुगन यांनी काय निवडलं? संडास.

मन्नर मन्नन नावाचा एक साधा माणूस. त्याला आवडलेल्या मल्लीची अट एकच, घरात संडास असेल तरच लग्न. सरकारी योजना येते. उद्घाटनाला खुद्द राष्ट्रपती येणार म्हणून गावात धावपळ होते, आणि पैसा वरून खाली येईपर्यंत जो तो आपला वाटा काढून घेतो. मन्ननच्या वाट्याला येतं अर्धवट, कच्चं बांधकाम. ते गरोदर मल्लीच्या अंगावर कोसळतं आणि तिची शुद्ध कायमची हरपते. दाद मागून मागून थकलेला हा माणूस शेवटी जाहीर करतो की भारताचा राष्ट्रपती मीच, आणि हुकूम सोडायला लागतो.

आता क्रम बघ. सिनेमा आपल्याला आधी हा वेडा राष्ट्रपती दाखवतो. आपण हसतो, गावही हसतं. संडासाची गोष्ट नंतर येते, तोवर आपलं हसून झालेलं असतं आणि ते गिळायची सोय नसते. तू बापाचं मरण पहिल्याच पानावर ठेवलंस. त्यानंतर प्रेक्षकाला करण्यासारखं काही उरतच नाही. मन्नन झालेल्या गुरु सोमसुंदरम यांचं कामही नीट बघ. मन्नन स्वतःला विनोदी समजत नाही, तो हुकूम पूर्ण गांभीर्याने देतो. तुझ्या नटाला हे सांगायला विसरू नकोस.

बायकोला मरण द्यावं म्हणून मन्नन कोर्टात जातो, ते बघताना मला मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अचेतन पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठीची तशी याचिका फेटाळली होती. तरी तुझ्या कामाचं तिथे फारसं काही नाही. कोर्टापासून पुढे सिनेमा स्वतःच भाषणं ठोकू लागतो, पात्रं एकमेकांशी बोलायचं सोडून थेट आपल्याशी बोलतात. तो भाग मला कच्चा वाटतो. नेमकी तीच खोड तुझ्यात आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आपल्याकडेही हे सगळं आहेच की. पहाटे टॉर्च आणि शिट्टी घेऊन फिरणारं गुड मॉर्निंग पथक, वेशीवरची ‘हागणदारीमुक्त गाव’ ही पाटी, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर सरपण भरून ठेवलेलं संडास. का भरलं? कारण पाणी नाही, शोषखड्डा खणलाच नाही, पण दारासमोर लाभार्थ्याला उभं करून फोटो काढला गेला आणि काम ‘पूर्ण’ झालं. स्वच्छ भारतमध्ये एका संडासाला १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान होतं. विटा, सिमेंट, पत्रा, भांडं, गवंड्याची मजुरी यांचा हिशेब एकदा स्वतः मांडून बघ. पदरचं घालायला ज्याच्याकडे काही नाही, त्याची भिंत किती उंच जाईल? राजकारण तिथे सापडेल, नायकाच्या तोंडून ते वदवून घ्यावं लागणार नाही.

तुझ्या खर्ड्यात एक जागा मला फार आवडली. आई पीक विम्याची पावती पिठाच्या डब्यात ठेवते. दीड ओळीत उरकलंस! ती पावती बाहेर काढ. हप्ता कुणी भरला, पंचनाम्याला कोण आलं, आलं तर बांधावर उतरलं की गाडीतूनच बघून गेलं, नुकसान किती टक्के लिहिलं, पैसे कुठल्या खात्यात गेले, बँकेने ते परस्पर कर्जात वळते केले का? ठाऊक नसेल तर तालुक्याला जा, कृषी सहायकाला भेट. दाद दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.

चावडीवरचं भाषण तूर्त काढून वेगळ्या वहीत ठेव, फाडू नकोस. पावतीचे प्रसंग लिहून झाले की तेवढेच पाठव. दिवाळीपर्यंत वेळ आहे माझ्याकडे.

तुझा,
सर