चिठ्ठ्या चिकटवायला शिकवलं का?

'मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, रसायनशास्त्रात ७८ टक्के. फॉरेन्सिकमध्ये जायचं म्हणते, तेही पुरावे सांभाळण्याच्या कामात. गुन्ह्यातल्या वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवायला आम्ही तिला शिकवलं का? मुळात किरकिरी आहे, औषधाची बाटली उघडली तरी तिच्यावर तारीख लिहिते. एमबीएसाठी तिला पटवून द्या.' – एक पालक

तुमच्या पत्रात गुणांची काळजी वाटावी असं काही नाही. मला खटकलं ते 'पटवून द्या'. तिचं म्हणणं एका ओळीत उरकलंत, तेही नाक मुरडत. हे पत्र तुम्ही पाठवलंय, हे तिला ठाऊक तरी आहे का? तिने स्वतः विचारलं असतं तर मी वेगळं काही सांगितलं असतं. आणि बाटलीवरच्या तारखेची कसली तक्रार करता? या कामाला नेमकी अशीच माणसं लागतात.

आता चिठ्ठ्यांबद्दल. रक्ताने भिजलेला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की आतल्या ओलीने बुरशी धरते आणि डीएनए हातचा जातो. म्हणून तो वाळवून कागदी पाकिटात ठेवतात, सील करतात, सीलवर सही आणि तारीख घालतात. पुढे कोणी, कोणाला, केव्हा, कशासाठी दिला, याची दर वेळी नोंद. मधली एक रात्र नोंदीशिवाय गेली, तर प्रयोगशाळेचा अहवाल कितीही चोख असो, बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. माजी पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्या रक्ताची कुपी तपास अधिकाऱ्याने लगेच जमा केली नाही, सिम्पसनच्याच घरी नेली. १९९५ च्या निकालाआधी बचाव पक्षाने ते तास पुरेपूर वापरले आणि सिम्पसन निर्दोष सुटला. चिठ्ठ्यांचाच तर खेळ होता तो!

आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूदही त्यात आहे, ती टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे.

मुलीचाही एक गैरसमज असू शकतो. पोलीस ठाण्यातला मुद्देमाल पोलीस अंमलदारच सांभाळतो, विज्ञानाच्या पदवीवर ती खुर्ची मिळत नाही. तिची जागा प्रयोगशाळेत किंवा घटनास्थळी नमुने गोळा करणाऱ्या पथकात. त्यासाठी फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी., मग सरकारी प्रयोगशाळांच्या जाहिरातींवर लक्ष. भरती संथ असते, तेवढी तयारी ठेवा.

पुढचं पत्र मात्र तिच्या हातचं येऊ द्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून, 'ही तारीख तुम्ही त्याच दिवशी लिहिलीत की नंतर?' हा प्रश्न दहाव्यांदा आला तरी आवाज न चढवता तिला उत्तर देता येईल का, ते तिने लिहावं. एमबीएचा विषय त्यानंतर काढू, तिलाच काढायचा असेल तर.