टोमॅटोचं बी धरताना

पहिल्यांदाच बी धरताय, तर टोमॅटोपासून सुरुवात करा. त्याचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर धरतं, त्यामुळे भेसळीची भीती कमी. फक्त वाण गावरान किंवा सरळ, म्हणजे संकरित नसलेला, हवा. संकरित वाणाचं बी उगवतं, पण फळ आईसारखं येईलच असं नाही.

सगळ्यात निरोगी झाड हेरा आणि त्याच्या एका चांगल्या फळाला दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी भाजीला तोडणार नाही. फळ झाडावरच लालबुंद, मऊ होऊ द्या. मग कापून गर बियांसकट काचेच्या ग्लासात काढा, थोडं पाणी घाला, वर फडकं बांधा. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण असतं आणि तेच उगवण रोखून धरतं. दोन-तीन दिवसांत ते आंबून सुटतं. वर पांढुरकी साय येईल, वास मारेल, घाबरू नका. त्याहून जास्त ठेवलंत, तर मात्र बी ग्लासातच मोड काढतं.

पाणी घालून ढवळा. पोकळ बी तरंगतं, ते ओतून द्या. तळाचं गाळणीत धुऊन ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतं. आठवडाभर रोज हाताने मोकळं करा. कडक वाळलं की कागदी पुडीत घालून बरणीत ठेवा. वाण आणि तारीख लिहाच. ओल राहिली तर बुरशी ठरलेली.

पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. दहा दिवसांत सात-आठ उगवल्या, तर बी चांगलं.