डलासचा कॅमेरा, साताऱ्याची ट्यूबलाइट

वाचकांचे प्रश्न : परदेशात राहून व्हिडिओ कॅमेरा घेताना

प्रश्न : आम्ही सात वर्षं डलासला आहोत. येत्या डिसेंबरात सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण होताहेत, म्हणून सगळे साताऱ्याला जमणार आहोत. चार दिवस घर भरलेलं असेल. यांचं म्हणणं, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, वेगळा कॅमेरा कशाला? मला मात्र घ्यायचाय. इथे घेतलेला कॅमेरा तिकडे नीट चालेल का? 'पाल' आणि 'एनटीएससी' हा घोळ अजून आहे का? – एक वाचक, डलास

उत्तर : ताई, कॅमेरा तिकडे चालू होईल, चार्जही होईल. बहुतेक चार्जरवर बारीक अक्षरात १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. तेवढं असलं की साताऱ्यात फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागेल, ट्रान्सफॉर्मर नाही.

घोळ मात्र अजून आहे, फक्त त्याची जागा बदलली आहे. या दोन्ही टीव्हीवर चित्र दाखवण्याच्या पद्धती. पूर्वी अमेरिकेचा टीव्ही एनटीएससी आणि आपला पाल. तिकडची कॅसेट इकडे लावली की चित्र काळंपांढरं तरी दिसायचं, नाहीतर नुसतं वर सरकत राहायचं. आता फाइल कुठल्याही टीव्हीवर लागते, ती काळजी सोडा. पण अमेरिकेत विकला जाणारा कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं घेतो आणि भारतातला २५ किंवा ५०. हे आकडे विजेवरून आलेले आहेत. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची.

त्यानं काय बिघडतं, ते मी स्वतः भोगलंय. मी तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला होते. २००३ साली तिथे एक मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटचा कॅमेरा घेतला आणि मावसबहिणीच्या लग्नासाठी सांगलीला आले. केळवण माजघरात होतं आणि तिथे जुन्या चोकची ट्यूबलाइट. कॅमेऱ्याच्या अडीच इंची पडद्यावर मला काही खटकलं नाही. एडिसनला परत जाऊन टीव्हीवर लावलं, तर सगळं माजघर धडधडत होतं. उजेड कमी, जास्त, कमी, जास्त. पाच मिनिटांच्या वर बघवेना. अंगणात, उन्हात घेतलेलं सगळं स्वच्छ आलं होतं. घरात घेतलेलं सगळं वाया गेलं.

कारण असं. आपल्याकडे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. अमेरिकन कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत घेण्याचा वेळ, आपण होऊन १/६० सेकंदावर बसतं. तेवढ्या वेळात ट्यूबची दीडपावणेदोन आवर्तनं होतात. म्हणजे एका चित्राला उजेड जास्त मिळतो, पुढच्याला कमी. शटर १/५० ठेवलं तर बरोबर दोन आवर्तनं सापडतात, १/१०० ठेवलं तर बरोबर एक. मग प्रत्येक चित्राला सारखा उजेड. तुम्ही सेकंदाला ६० चित्रं घेणार असाल तर १/५० मिळणारच नाही, १/१०० च ठेवायचं. चित्र थोडं अंधारं येईल, त्यासाठी खोलीत एखादा दिवा जास्त लावा. चांगल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे आतून एकसारखी वीज पुरवणाऱ्या एलईडीला हा त्रास सहसा होत नाही. पण हॉलमध्ये, देवघरात, मांडवाच्या झालरीत स्वस्त एलईडी असतातच, त्यामुळे नवीन दिवे आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा : याचं शटर हातानं बदलता येतं का? स्वस्तातल्या बऱ्याच हँडीकॅममध्ये येत नाही. दुसरा प्रश्न, मेनूत ५० आणि ६० असा पर्याय आहे का? गोप्रोमध्ये आहे, सोनीच्या झेडव्ही-१ मध्ये आहे, डीजेआयच्या ऑस्मो पॉकेट ३ मध्येही २५ आणि ५० चित्रांचा पर्याय मिळतो. हँडीकॅमच्या जातीत मात्र ज्या देशाचं मॉडेल त्या देशाचा वेग, असंच अजून चालतं. एकच कॅनन अमेरिकेत 'व्हिक्सिया' म्हणून विकला जातो आणि युरोपात 'लेग्रिया' म्हणून. अंग तेच, आतला वेग वेगळा.

आणखी एक. साताऱ्यात समारंभाला तुम्ही शूटिंगवाला सांगणार असालच. तो २५ किंवा ५० वर घेणार. तुमचं ३० चं आणि त्याचं २५ चं एकत्र जोडलं की हात हलताना, पाळणा हलताना झटके दिसतात. त्याला आधी फोन करून विचारा आणि शक्य असेल तर त्याच्याच वेगावर घ्या.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याबद्दल. ते चुकीचं बोलत नाहीत. आजचा चांगला फोन दहा हातांवरच्या माणसाचं फार सुंदर चित्र घेतो. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याच्या व्हिडिओ रेकॉर्डिंगखाली पाल फॉरमॅट दाखवण्याचं बटण आहे. ते चालू केलं की २५ चा वेग मिळतो, पुष्कळ लोकांना हे ठाऊकच नसतं. फोन कमी पडतो तो दोन ठिकाणी. अंगणाच्या या टोकावरून त्या टोकाला बसलेल्या सासूबाईंचा चेहरा हवा असेल तर खरा झूम लागतो, म्हणजे भिंगाचा. सोनीच्या एएक्स-४३ सारख्या हँडीकॅमला तो २० पट आहे, झेडव्ही-१ ला तीनपटही नाही. 'डिजिटल झूम २५० पट' असं खोक्यावर मोठ्या अक्षरात असतं, त्याकडे बघूच नका, ते नुसतं चित्र ताणणं आहे. दुसरं म्हणजे सलग दीड-दोन तास. फोन मध्येच वाजतो, तापतो, भरतो. आणि ज्याचा फोन त्याला कुणीतरी हाक मारतंच.

मी तुमच्या जागी असते तर हँडीकॅम घेतला असता, हातानं शटर बदलता येणारा, आणि माइकची ३.५ मिलिमीटरची जागा असलेला. ती जागा नसेल तर तो कॅमेरा कितीही चांगला असो, परत ठेवा. हे मी इतक्या ठामपणे का सांगते, ते लिहिते.

त्याच २००३ च्या फेरीत एका दुपारी आजी सोप्यात तांदूळ निवडत बसली होती. निवडताना ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची, अगदी हलक्या आवाजात, स्वतःपुरत्या. मी तिला कळू न देता दाराआडून, बारा-तेरा फुटांवरून झूम लावून सोळा मिनिटं घेतलं. चित्र अजून माझ्याकडे आहे. सुपातला खडा ती तर्जनीनं पुढे ओढते, अंगठ्यानं उडवते, पुन्हा हात फिरवते. नखाला लागलेला कोंडासुद्धा दिसतो. ओठ हलताना दिसतात. ऐकू काय येतं? डोक्यावरच्या पंख्याची घरघर, आणि त्याखाली कॅमेऱ्यातच कॅसेट फिरवणाऱ्या मोटारीची बारीक किर्र. झूमनं चेहरा जवळ आला, आवाज तेरा फुटांवरच राहिला. आजी २००६ साली गेली. त्या ओव्या आमच्या घरात दुसऱ्या कुणालाच पुऱ्या येत नव्हत्या.

तेव्हा पैशाचा एक वाटा बाजूला काढा आणि दोन ट्रान्समीटरचा बिनतारी कॉलर माइक घ्या. एक सासूबाईंना, एक जो त्यांच्याशी बोलतोय त्याला. माइक मंगळसूत्राजवळ लावू नका, मणी आपटतात. निऱ्यांवर नको, काठ घासतो. खांद्यावर पदराला पिन लावतात तिथे, कापडाच्या वरून लावा. हातात काचेच्या बांगड्या असतील तर त्यांचा आवाज येणारच, तो येऊ द्या, तो त्यांचाच आहे. कानाला हेडफोन लावून आधी दोन मिनिटं ऐका. डिसेंबर आहे, साताऱ्यात पंख्याची गरज पडणार नाही, ही तुमची मोठी सोय. आणि समारंभाच्या दिवशी हे करू नका. आदल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर, नातवंडं झोपल्यावर, त्यांच्याजवळ बसा आणि माहेरच्या गावाचं विचारा. तिपाई लावून कॅमेरा विसरून जा.

प्रवासात सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत. कॅमेऱ्याचं बिल आणि सीरियल नंबरचा फोटो जवळ ठेवा. मेमरी कार्ड मोठं एक घेण्यापेक्षा मध्यम तीन घ्या, व्ही३० ही वेगाची खूण असलेली. रोज रात्री लॅपटॉपवर उतरवल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, 'जागा नाहीये' असं कुणी कितीही ओरडलं तरी.

प्रश्न : मी नागोयाला असतो. इथे कॅमेरे छान मिळतात. नाशिकला बाबांसाठी एक घेऊन जावा म्हणतो, त्यांना आता निवृत्तीनंतर नाद लागलाय. – एक वाचक, जपान

उत्तर : बाबांसाठी नाशिकलाच घ्या. जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा, सोनीच्या तर विशेषच, मेनू फक्त जपानीत असतो आणि तो बदलता येत नाही. तुम्ही वाचाल, बाबा काय करतील? परदेशी प्रवाशांसाठी वेगळं बहुभाषी मॉडेल काही दुकानांत असतं, पण वॉरंटीचा प्रश्न उरतोच. देशांतर्गत मॉडेलची वॉरंटी सहसा त्या देशापुरती. बटण रुसलं तर बाबांनी ते नागोयाला पाठवायचं का?

हर्ट्झचं तुमच्याकडे आणखीच मजेशीर आहे. जपानचा टीव्ही सगळीकडे एनटीएससी होता, पण वीज टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ आणि नागोया-ओसाकाच्या बाजूला ६०. त्यामुळे टोकियोत राहणारा जपानी माणूस साताऱ्याच्या ट्यूबलाइटची अडचण घरबसल्या ओळखतो.

प्रश्न : आमच्याकडे १९९९ ते २००५ च्या मिनीडीव्ही कॅसेट आहेत, एकूण एकतीस. कॅमेरा बंद पडलाय. फेकवत नाही. – एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : फेकू तर नकाच, पण थांबूही नका. फीत म्हातारी होते आणि ती वाचणारी यंत्रं तिच्याहून लवकर संपताहेत. आधी एक चालू स्थितीतला जुना मिनीडीव्ही कॅमेरा मिळवा, स्वतःच्या किंवा ओळखीच्या माळ्यावरून. तो पाल असला पाहिजे, तुमच्या कॅसेट जर्मनीत आणि भारतात घेतलेल्या असतील तर त्या पालच असणार. मधे कुणी अमेरिकेचा पाहुणा स्वतःचा कॅमेरा घेऊन आला होता का, ते आठवा. त्याची कॅसेट वेगळी काढा, तिला एनटीएससी यंत्र लागेल.

उतरवण्यासाठी फायरवायरची वायर लागते. सोनी त्यालाच आय.लिंक म्हणायची. नव्या लॅपटॉपला ते भोक नसतं, म्हणून एखादा जुना संगणक शोधावा लागेल. कॅमेऱ्याच्या यूएसबीतून पूर्ण दर्जाचं चित्र बहुधा येत नाही, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीतून येतं ते कमी दर्जाचं. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि सुमारे १३ जीबी जागा. एकतीस कॅसेट म्हणजे चारशे जीबीच्या आसपास, आज ती काही मोठी गोष्ट नाही. कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, चिकटलेली फीत सुटते. पावसाळ्यात मुंबईला किंवा कोकणात राहिलेल्या असतील तर खिडकीतून आत बघा. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट यंत्रात घालू नका, यंत्राचं फीत वाचणारं हेड खराब होऊन उरलेल्या तीसही जातील. तेवढी जाणकाराकडे द्या.

क्रम तारखेनं लावू नका. जुनं यंत्र दहाव्या कॅसेटला दगा देऊ शकतं. डबे समोर मांडा आणि ज्यात आता नसलेली माणसं बोलतात, त्या कॅसेट आधी लावा. सहलीचे बर्फाचे डोंगर शेवटी.