सगळं माहीत असूनही रुग्णालयातले कर्मचारी हात स्वच्छ करायचं का टाळतात?

टाळतात म्हणण्यापेक्षा कामाच्या रेट्यात ते राहून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे ५ प्रसंग सांगितले आहेत. दर वेळी हँडरबला (हातावर चोळायचं अल्कोहोलयुक्त द्रावण) २०-३० सेकंद, साबण-पाण्याला ४०-६० सेकंद. एकाच नर्सकडे डझनभर रुग्ण असतील तर हिशेब तुम्हीच करून बघा.

पाहण्यांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, आणि मला तीच सगळ्यात जास्त खटकते: रुग्णाला हात लावल्यानंतर हात धुणारे बरेच, पण लावण्याआधी धुणारे कमी. स्वतःला लागण होऊ नये ही भीती आपोआप काम करते. रुग्णासाठी मात्र आठवण ठेवावी लागते. त्यात ग्लोव्ह्ज फसवतात. खाटेचा कठडा धरला, मॉनिटरचं बटण दाबलं आणि त्याच ग्लोव्ह्जने सलाइनच्या नळीचं तोंड उघडलं, की जंतूंना थेट रक्तात जायची वाट मिळाली. (क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जिवाणूचे बीजाणू तर हँडरबने मरतही नाहीत, तिथे साबण-पाणीच हवं.)

कोणी बघत असेल तर प्रमाण वाढतं, म्हणून कागदावरच्या आकड्यांवर फार विसंबू नका. नुसत्या प्रशिक्षणानेही फारसं भागत नाही. प्रत्येक खाटेपाशी हँडरब, पुरेसं मनुष्यबळ आणि वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतः पाळलेला नियम, याने खरा फरक पडतो. तुमचं माणूस दाखल असेल तर "आधी हात स्वच्छ करता का?" असं बेलाशक विचारा.