एका वेळी एकच फळ

बेटा, तुझा मेसेज वाचला. कॉलनीतल्या पाच-सहा वर्षांच्या पोरांना घेऊन रानमेवा तोडायला जायचंय, छानच आहे, पण लिस्ट बघून हसू आलं. बोरं, करवंदं, जांभळं, सगळं एकाच ट्रिपमध्ये? अगं करवंदं उन्हाळ्यातली, जांभळं पाऊस लागता लागता, आत्ता जानेवारीत फक्त बोरं. आणि खरं सांगू, बरंच झालं, इतक्या लहान पोरांना एका वेळी एकच फळ शिकवावं.

कारण पोरं रंगावर जातात. लाल दिसलं की खायचं एवढंच डोक्यात बसतं, आणि याच दिवसांत गुंजेच्या वाळक्या शेंगा उकलून आत लाल-काळे मणी दिसतात, इतके सुंदर की मोठ्यांनाही खिशात टाकावेसे वाटतात. ती बी चावली गेली तर विष आहे. कुंपणाला घाणेरी असतेच, तिची हिरवी फळंही पोटात जायला नकोत. म्हणून रंग नको, पान शिकव. बोरीचं पान हातात दे, वरून हिरवं, देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, आणि उलटं केलं की खालून पांढुरकं, बोट फिरवलं तर मऊ लव लागते. मग काटे दाखव, जोडीने असतात, एक सरळ नि एक वाकडा, सरळ टोचतो आणि वाकडा स्वेटर सोडत नाही. पोरं मग दिसेल त्या झुडपाची पानं उलटी करत बसतात. बसू दे, घाई कसली.

इंदूरजवळच्या रालामंडलला नेऊ नको, अभयारण्य आहे, तिथलं काही तोडायचं नसतं. महूच्या पुढे जानापावच्या बाजूला किंवा चोरलकडे शेताच्या बांधावर बघ, रानबोरांची झुडपं बुटकी असतात, पोरांचा हात पोचतो. पण शेतवाल्याला आधी विचार, "भैया, झडबेरी तोड़ लें?" एवढं पुरतं. झुडपाला लांबूनच काठीने हलव, गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर कळेल, मगच पोरांना पुढे सोड.

नियम एकच, तुला दाखवल्याशिवाय तोंडात काही टाकायचं नाही, बोर असलं तरी. प्रत्येक बोर फोडून बघायचं. कुठे बारीक भोक, आत तपकिरी झालेला गर आणि त्यात पांढरी अळी वळवळताना दिसली की पहिल्यांदा किंचाळतील, नंतर मुद्दाम अळीवालीच शोधतील. खाताना पळू द्यायचं नाही, बी घशात अडकते. कुणाचं लहान भावंड सोबत आलं तर त्याला बी काढून नुसता गर दे.

बोरांनी खोकला होतो असं एखादी आजी म्हणेलच, वाद घालत बसू नको, बोरं धुवून दे आणि सोबत जीरावनची, म्हणजे आपल्या इंदुरी मसाल्याची, पुडी ठेव, जीरावन भुरभुरवलं की आज्याही हात पुढे करतात 😄 थोडी घरी आण, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाळाचं बोरन्हाण रथसप्तमीच्या आत करायचंय ना, त्यात टाकता येतील.

पोरांना नेण्याआधी तू एकटी एकदा जाऊन ये, नऊनंतर, तोवर दव असतं. झुडूप सापडलं की फोटो पाठव, पानाच्या मागच्या बाजूचा पण.

— काका